छप्पन अंशांचा आकडा आणि तापमानवाढीवरच्या शंका

३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश सेल्सिअस तापमान नोंदवलं. हे केंद्र रामदासपेठेजवळ, कृषी विद्यापीठाच्या मोकळ्या शेतात आहे. सोनेगावच्या दुसऱ्या स्वयंचलित केंद्रानं ५४ दाखवलं. दिल्लीतल्या मुंगेशपूरचा ५२.९ अंशांचा आकडा आदल्याच दिवशी गाजलेला, त्यामुळे नागपूरचा ५६ बघता बघता देशभर पोचला. पण त्याच दिवशी वर्धा रोडवरच्या कापूस संशोधन संस्थेतलं केंद्र आणि रामटेकचं केंद्र ४४ सांगत होतं. एकाच वेळी, इतक्या जवळच्या ठिकाणी बारा अंशांचा फरक पडत नाही. हवामान खात्यानं तपासणी केली आणि सेन्सर बिघडल्याचं जाहीर केलं. मुंगेशपूरचा आकडाही तीन अंशांनी फुगलेला निघाला.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, चालू होता, कूलर गरम हवा फेकत होते, त्यामुळे ५६ वर विश्वास ठेवायला लोक तयारच होते. ज्यांना जागतिक तापमानवाढ हे थोतांड वाटतं, त्यांना मात्र आयता मुद्दा मिळाला. आजच्या काळातली इलेक्ट्रॉनिक यंत्रं बारा-बारा अंशांनी चुकतात, तर दीडशे वर्षांपूर्वीच्या काचेच्या थर्मामीटरवरून ‘पृथ्वी एका अंशानं तापली’ हे तुम्ही कसं काय छातीठोकपणे सांगता?

प्रश्न रास्त आहे. असे प्रश्न विचारणाऱ्याला अडाणी किंवा कंपन्यांचा दलाल म्हणून उडवून लावायची जी सवय लागली आहे, ती मला पटत नाही. तापमानवाढीवरच्या शंकांची एक मोठी पिशवी आहे, आणि तिच्यातल्या सगळ्या शंका एका वजनाच्या नाहीत. काही इतक्या भक्कम होत्या की त्या तपासायला शास्त्रज्ञांची पन्नास वर्षं गेली. काही पहिल्या फटक्यात गळतात. काही अजून उघड्या आहेत. आणि आपल्याकडची एक शंका तर मुळात विज्ञानाबद्दलची नाहीच.

थर्मामीटरवर भरवसा किती

५६ चा आकडा खोटा हे कशावरून कळलं? शेजारच्या केंद्रांवरून. जगभरच्या नोंदी तपासायची पद्धत मुळात हीच आहे. एखादं केंद्र गावातून विमानतळावर हललं, यंत्र बदललं, किंवा वाचन घेण्याची वेळ सकाळवरून संध्याकाळवर गेली, की त्याचा आलेख आजूबाजूच्या केंद्रांपासून फटकून उडी मारतो. ती उडी शोधून दुरुस्त करतात. संशय घेणाऱ्यांचा नेमका आक्षेप या ‘दुरुस्त’ शब्दावर असतो: दुरुस्तीच्या नावाखाली आकडे चढवले जातात.

गंमत अशी की सगळ्या दुरुस्त्यांची बेरीज केली तर जागतिक तापमानवाढ थोडी कमी होते. कारण समुद्र. पूर्वी जहाजावरचे खलाशी कापडी बादलीनं समुद्राचं पाणी वर ओढून त्यात थर्मामीटर बुडवत. पाणी डेकवर येईपर्यंत बाष्पीभवनानं थोडं थंड झालेलं असे. पुढे इंजिनात येणाऱ्या पाण्याचं तापमान मोजायला लागले. म्हणजे जुने आकडे असायला हवेत त्यापेक्षा कमी लागलेले होते. ते वर उचलल्यावर तेव्हाचा समुद्र आणि आत्ताचा समुद्र यांतलं अंतर घटलं. कच्चे आकडे जसेच्या तसे घेतले तर तापमानवाढ जास्त दिसते. आकडे फुगवायचेच असते, तर ही दुरुस्ती कोणी केलीच नसती.

दुसरी शंका शहरांची. शहर तापतं, हे नागपूरकराला शिकवायची गरज नाही. सिमेंटच्या रस्त्यांवरची आपली तक्रार अगदी खरी आहे: दिवसभर शोषलेली उष्णता ते रात्री उशिरापर्यंत सोडत राहतात. मोकळ्या माळावर बसवलेल्या वेधशाळेभोवती हळूहळू वस्ती आली, डांबर आलं, एसी आले, तर थर्मामीटर चढणारच. मग जगभर हेच झालं असेल आणि आपण शहरांच्या वाढीलाच हवामानबदल म्हणत असू तर?

अमेरिकेतल्या बर्कली इथल्या विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड मुलर यांना नेमकी हीच शंका होती, आणि ती ते जाहीरपणे बोलून दाखवत. २०१० च्या सुमारास त्यांनी स्वतंत्र गट जमवला. त्याला मिळालेल्या पैशांत चार्ल्स कोच फाउंडेशनचाही पैसा होता, म्हणजे तेल आणि कोळशातून मोठ्या झालेल्या उद्योगपतीचा. या गटानं ३६ हजारांहून जास्त केंद्रांच्या नोंदी नव्यानं तपासल्या. शहरी केंद्रं वगळून पाहिली, नुसती खेड्यांतली पाहिली. निकाल आधीच्या शास्त्रज्ञांच्या आलेखाशी जुळला. २०१२ मध्ये मुलर यांनी जाहीर केलं की तापमानवाढ खरी आहे आणि ती जवळपास सगळी माणसामुळे आहे. शहर तापतं हे खरंच. पण पृथ्वीचा बहुतेक भाग शहर नाही. सत्तर टक्के तर पाणीच आहे. पृथ्वीवर साठणाऱ्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक उष्णता समुद्रात जाते, आणि समुद्रात सिमेंटचे रस्ते नाहीत.

तिसरा आक्षेप सर्वांत ताकदीचा होता. अलाबामातले रॉय स्पेन्सर आणि जॉन क्रिस्टी हे दोन शास्त्रज्ञ उपग्रहांवरून हवेचं तापमान काढत. १९९० च्या दशकात त्यांच्या आकड्यांत तापमानवाढ जवळपास दिसतच नव्हती. जमिनीवर पारा चढतोय आणि वर हवा ढिम्म, हे कोड्यात टाकणारं होतं, आणि शंका घेणाऱ्यांनी ते उचलून धरलं यात त्यांची चूक काहीच नव्हती. २००५ च्या सुमारास कोडं सुटलं. उपग्रह काळानुसार कक्षेत सरकतो. त्यामुळे तो एखाद्या जागेवरून आधी ज्या वेळी जायचा, त्यापेक्षा वेगळ्या वेळी जाऊ लागतो. या बदलाचा हिशेब उलट चिन्हानं मांडला गेला होता. चूक सुधारल्यावर त्यांचाही आलेख वर गेला. आज याच दोघांची मालिका दर दशकाला साधारण ०.१५ अंश वाढ दाखवते. दोघंही अजून ‘फार घाबरू नका’ पंथातलेच आहेत, पण तापमान वाढत नाही असं तेसुद्धा म्हणत नाहीत.

०.०४ टक्के वायू काय करणार

हवेत कार्बन डायऑक्साइड किती? दहा लाखांत सव्वाचारशे भाग, म्हणजे ०.०४ टक्का. एवढ्याशा वायूनं सगळी पृथ्वी तापते, हे ऐकायला खरोखर विचित्र वाटतं.

पण हवेतल्या बाकीच्या ९९ टक्क्यांहून अधिक वायूंचा, म्हणजे नायट्रोजन, ऑक्सिजन आणि आरगॉनचा, या कामात जवळपास वाटा नाही. सूर्याचा उजेड जमिनीवर येतो, जमीन तापते आणि ती उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपात परत आकाशाकडे सोडते. नायट्रोजन आणि ऑक्सिजन त्या किरणांना अडवत नाहीत. पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन हे मोजके वायू अडवतात. अडवणारे मूठभरच असतील, तर ती मूठ दीडपट होणं ही मोठी गोष्ट ठरते. औद्योगिक क्रांतीपूर्वी दहा लाखांत २८० भाग होते. हवाईतल्या माउना लोआ पर्वतावर चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये मोजायला सुरुवात केली तेव्हा ३१५ च्या आसपास, आणि २०२४ मध्ये सुमारे ४२४. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या जुन्या हवेचे बुडबुडे तपासले, तर गेल्या ८ लाख वर्षांत हा आकडा ३०० च्या फारसा वर गेलेला दिसत नाही.

उष्णता अडण्याचा हा प्रकार नागपुरात घरबसल्या अनुभवता येतो. डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असली की रात्री पारा धाडकन खाली येतो. २९ डिसेंबर २०१८ ला तो ३.५ अंशांवर आला होता. त्याच दिवसांत आभाळ भरून आलं की रात्र उबदार होते. सूर्य दोन्ही रात्री सारखाच मावळलेला असतो. फरक जमिनीची उष्णता वर निसटू देण्याचा.

हे ज्ञान कुठल्याही पर्यावरण चळवळीच्या आधीचं आहे. १८५६ मध्ये युनिस फूट या अमेरिकन बाईंनी काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले आणि कार्बन डायऑक्साइडची नळी जास्त तापते हे दाखवलं. १८५९ मध्ये लंडनला जॉन टिंडल यांनी हे वायू उष्णतेचे किरण कसे शोषतात ते नीट मोजलं. १८९६ मध्ये स्वीडनच्या स्वांते अरेनियस यांनी हातानं गणित मांडलं: कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापेल. आज तो अंदाज जास्त मानला जातो. हवामानबदलाचा आढावा घेणाऱ्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालात अडीच ते चार अंश ही शक्यता दिलेली आहे.

अरेनियसना लगेच विरोध झाला, आणि तो भक्कम होता. त्यांच्याच देशाचे क्नूट ऑंगस्ट्रॉम म्हणाले, कार्बन डायऑक्साइडला जेवढे किरण शोषता येतात तेवढे तो आधीच शोषून बसला आहे, आणखी भर घातली तरी काय फरक पडणार? ही शंका आजही मांडली जाते, आणि मांडणारे बहुधा भौतिकशास्त्र शिकलेले असतात. उत्तर मिळायला अर्धं शतक गेलं. जमिनीलगत त्यांचं म्हणणं बऱ्याच अंशी बरोबर आहे. पण उष्णता शेवटी अवकाशात निसटते ती वरच्या विरळ थरांतून. वायू वाढला की निसटण्याची ही पातळी आणखी वर, आणखी थंड हवेत सरकते. थंड थर कमी उष्णता बाहेर टाकतो. जमेला सूर्याची उष्णता तेवढीच आणि खर्च कमी, म्हणून तोल पुन्हा साधेपर्यंत खालचं सगळं तापत जातं.

पाण्याची वाफ हा तर त्याहून मोठा उष्णता अडवणारा वायू आहे, मग तिला का दोष देत नाही? कारण वाफ हवेत आठ-दहा दिवस टिकते आणि पावसातून खाली येते. हवा एका अंशानं तापली की तिच्यात साधारण सात टक्के जास्त वाफ मावते. म्हणजे वाफ सुरुवात करत नाही, पण दुसऱ्यानं सुरू केलेलं तापणं वाढवते.

तो कार्बन आपलाच कशावरून

जंगलं, माती आणि समुद्र मिळून दरवर्षी हवेत जेवढा कार्बन सोडतात, त्यापुढे माणसाचा वाटा किरकोळ आहे. हे विधान खरं आहे, आणि म्हणूनच फसवं आहे.

कूलरची टाकी डोळ्यांसमोर आणा. पंप तासाला कितीतरी बादल्या पाणी वर चढवतो, ते गवताच्या ताट्यांवरून पुन्हा टाकीत उतरतं. उलाढाल मोठी, पण पातळी तिथल्या तिथे. आता कोणी बाजूनं नळाची बारीक धार सोडून ठेवली, तर पंपापुढे ती काहीच नाही; तरी टाकी भरून सांडते ती त्या धारेमुळेच. निसर्ग जेवढा कार्बन सोडतो, तेवढा परतही घेतो. किंबहुना थोडा जास्तच घेतो: माणसानं सोडलेल्यापैकी साधारण निम्मा समुद्र आणि झाडं गिळतात, उरलेला निम्मा हवेत साठतो. निसर्ग या व्यवहारात घेणेकरी आहे. हवेतली वाढ त्याच्या खात्यावर टाकायला जागाच उरत नाही.

यावर आणखी एक पुरावा आहे, आणि मला तो सगळ्यांत आवडतो. कोळसा आणि तेल म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडले गेलेले जीव. कार्बन-१४ हा किरणोत्सारी कार्बन ५,७३० वर्षांत निम्मा होतो, त्यामुळे कोळशात तो शिल्लकच नसतो. असा जुना कार्बन जाळून हवेत सोडला, तर हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण पातळ व्हायला हवं. हान्स स्यूस यांनी १९५५ मध्ये झाडांच्या खोडातल्या वर्तुळांवरून ते तसं झाल्याचं दाखवलं. शिवाय जाळताना ऑक्सिजन लागतो. हवेतला ऑक्सिजनही अगदी थोडा, पण मोजता येईल इतका घटतो आहे. चंद्रपूर किंवा उमरेडच्या खाणीतून निघून कोराडीच्या वीज केंद्रात जळालेल्या कोळशावर अशा अर्थानं सही असते.

ज्वालामुखींचं नाव नेहमी निघतं. सगळ्या ज्वालामुखींचा मिळून वर्षाचा वाटा माणसाच्या एक टक्क्याहूनही कमी. मोठा उद्रेक उलट पृथ्वी थंड करतो. फिलिपाइन्समधला पिनाटुबो जून १९९१ मध्ये फुटला, त्यानंतर वर्ष-दीड वर्ष जगाचं तापमान साधारण अर्ध्या अंशानं खाली होतं.

सूर्य, हिमयुगं आणि किरकोळ शंका

सूर्यच जास्त तापत असेल, ही शंका तपासायला सोपी. १९७८ पासून उपग्रह सूर्याची ऊर्जा मोजत आहेत. अकरा वर्षांच्या चक्रात ती ०.१ टक्क्यानं वरखाली होते. चढती रेघ मात्र नाही. दुसरी खूण जास्त बोलकी आहे. सूर्यामुळे तापलं असतं, तर वातावरण खालपासून वरपर्यंत तापलं असतं. कार्बन डायऑक्साइडमुळे तापत असेल, तर खालची हवा तापायला हवी आणि स्थितांबर, म्हणजे वातावरणाचा त्यावरचा थर, थंड व्हायला हवा. स्युकुरो मनाबे आणि रिचर्ड वेदरॉल्ड यांनी हे १९६७ मध्येच गणितानं सांगितलं होतं. नंतर मोजलं तेव्हा स्थितांबर थंड होत असल्याचं आढळलं. त्याच्या खालच्या भागात ओझोन घटल्याचाही हात आहे, पण वरच्या भागातली घट कार्बन डायऑक्साइडशिवाय समजावता येत नाही. मनाबेंना २०२१ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

हवामान तर आधीपासूनच बदलत आलं आहे, गाड्या आणि कारखाने नव्हते तेव्हाही हिमयुगं आलीच की! आली. पृथ्वीच्या कक्षेचा आकार आणि आसाचा कल हजारो वर्षांच्या फेऱ्यांत बदलतो, त्यानं ती आली-गेली. अंटार्क्टिकाच्या बर्फात तर असं दिसतं की आधी तापमान चढलं आणि काही शतकांनी कार्बन डायऑक्साइड. शंका घेणारे इथे बोट ठेवतात: म्हणजे कार्बन हा परिणाम आहे, कारण नाही. पण तो दोन्ही असू शकतो. कक्षेनं तापणं सुरू केलं, तापलेल्या समुद्रानं कार्बन सोडला, त्या कार्बननं आणखी तापवलं. या वेळी सुरुवात कक्षेनं केलेली नाही आणि कार्बन समुद्रातून आलेला नाही. समुद्र उलट तो गिळतो आहे.

थंडीची लाट आली की ‘कुठे गेलं तुमचं ग्लोबल वॉर्मिंग’ म्हणायची पद्धत जगभर आहे. अमेरिकी सिनेटर जेम्स इनहॉफ यांनी २०१५ मध्ये सभागृहात बर्फाचा गोळाच आणला होता. नागपुरातही ३.५ अंशांच्या त्या आठवड्यात हा विनोद झाला असणार. यावर जास्त लिहीत नाही.

१९७० च्या दशकात शास्त्रज्ञ हिमयुग येणार म्हणत होते, हे अर्धसत्य आहे. काही जण म्हणत होते. १९६५ ते १९७९ या काळातले शोधनिबंध नंतर मोजले गेले, तेव्हा थंड होण्याचं भाकीत करणारे ७ आणि तापण्याचं करणारे ४४ निघाले. वर्तमानपत्रांना हिमयुग जास्त आवडलं, एवढंच. संगणकी मॉडेल चुकतात, हेही अर्धसत्य. १९७० ते २००७ मधली १७ जुनी भाकितं २०१९-२० मध्ये प्रत्यक्षाशी ताडून पाहिली, तेव्हा १० बरोबर निघाली. माणूस पुढे किती कार्बन सोडेल हा अंदाज त्या लेखकांचा चुकला होता. तो बाजूला काढून फक्त भौतिकशास्त्र तपासलं तर १४.

तापमानवाढ माणसामुळे आहे असं ९७ टक्के शास्त्रज्ञ मानतात, हा आकडा मी मुद्दाम पुढे करत नाही. ज्याला शंका आहे त्याला हात मोजून दाखवल्यानं समाधान होत नाही, आणि का व्हावं?

शास्त्रज्ञांनीही हात पोळून घेतलेत

आयपीसीसीच्या २००७ च्या अहवालात एक वाक्य घुसलं: हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होऊ शकतात. एवढा बर्फ इतक्या थोड्या वर्षांत वितळणं शक्यच नव्हतं. नोव्हेंबर २००९ मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी व्ही. के. रैना यांचा चर्चानिबंध प्रसिद्ध केला. रैना हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे निवृत्त उपमहासंचालक. याच संस्थेचं मध्य विभागाचं कार्यालय आपल्या नागपुरातल्या सेमिनरी हिल्सवर आहे. हिमनद्या मागे सरत असल्या तरी त्यात विपरीत असं काही नाही, असं रैना म्हणाले. आयपीसीसीचे तेव्हाचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्याला जादूटोण्याचं विज्ञान म्हणून झटकलं. दोन महिन्यांत, जानेवारी २०१० मध्ये, आयपीसीसीला २०३५ चं वाक्य मागे घ्यावं लागलं.

इंग्लंडमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठातल्या हवामानशास्त्रज्ञांचे चोरीला गेलेले ईमेलही त्याच नोव्हेंबरात बाहेर आले. त्यांवरून आकडे बनवल्याचा आरोप झाला, आणि पुढे अनेक चौकश्या झाल्या. आकडे बनावट केल्याचं कुठेच सिद्ध झालं नाही, पण माहिती द्यायला टाळाटाळ केल्याबद्दल ताशेरे बसले. माझ्या मते त्या हिवाळ्यात तापमानवाढीच्या विज्ञानाचं जेवढं नुकसान त्याच्या उद्दाम समर्थकांनी केलं, तेवढं विरोधकांना जमलं नसतं.

हिमनद्यांचं पुढे काय झालं? शीतयुद्धाच्या काळातल्या हेर-उपग्रहांचे फोटो खुले झाले. ते नव्या मोजणीशी ताडल्यावर २०१९ मध्ये दिसलं की २००० नंतर हिमालयातला बर्फ आधीच्या पंचवीस वर्षांच्या दुप्पट वेगानं घटतो आहे. २०३५ चुकीचं होतं, आणि ‘विपरीत काही नाही’ हेही टिकलं नाही.

पैशाची बाजू थोडक्यात. एक्सॉन या तेल कंपनीतले शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी १९७७ मध्येच आपल्या वरिष्ठांना कार्बन डायऑक्साइडमुळे पृथ्वी तापेल असं सांगितलं होतं. कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तेव्हा केलेली भाकितं पुढे बऱ्यापैकी खरी ठरली, तरी बाहेर ती कंपनी बराच काळ अनिश्चिततेचा धोशा लावत राहिली. हे लाजिरवाणं आहे. पण एखाद्या शंकेमागे तेलाचा पैसा आहे म्हणून ती शंका आपोआप खोटी ठरत नाही. मुलर यांच्या कामातही तसा पैसा होता.

आपली खास शंका

भारतात तापमानवाढीवरचा संशय अमेरिकेसारखा नाही. चहाच्या ठेल्यावर ऐकू येतो तो सूर वेगळा असतो: शंभर-दीडशे वर्षं त्यांनी धूर सोडला, श्रीमंत झाले, आणि आता आपल्या घरी दिवे लागायची वेळ आली तर कोळसा बंद करा म्हणतात.

यातला राग समजण्यासारखा आहे, आकडेही त्याच्या बाजूनं आहेत. जाळलेल्या इंधनाचा दरडोई हिशेब केला तर अमेरिकन माणूस वर्षाला साधारण १४ टन कार्बन डायऑक्साइड सोडतो, भारतीय २ टन. पर्यावरण अभ्यासक अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्येच हा मुद्दा ठणकावून मांडला होता: गरिबाच्या चुलीचा आणि श्रीमंताच्या मोटारीचा धूर एकाच तागडीत तोलू नका. वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीचं मुख्यालय असलेल्या, कोराडी आणि खापरखेडा हाकेच्या अंतरावर असलेल्या शहराला हे वेगळं सांगायला नको. इथे हजारो घरांची चूल कोळशावर पेटते, पगाराच्या रूपानं.

पण पृथ्वी तापते का, आणि तापवल्याची भरपाई कोणी द्यायची, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर आपल्या बाजूनं हवं म्हणून पहिल्याला ‘नाही’ म्हणणं म्हणजे स्वतःचीच केस कमकुवत करणं. नुकसानच झालेलं नाही म्हटलं, तर भरपाई कशाची मागणार? अगरवाल-नारायण यांनी ही चूक केली नव्हती.

“आमच्या लहानपणीबी असंच तपत होतं ना बे!”

नागपुरात सगळ्यांत जास्त ऐकू येणारा आक्षेप हा. आणि सगळ्यांत कमी नीट उत्तर मिळणाराही हाच.

कारण तो बऱ्याच अंशी खरा आहे. मे महिन्यात पारा ४६-४७ पर्यंत जाणं विदर्भाला नवं नाही. सोनेगावला २३ मे २०१३ रोजी ४७.९ ची नोंद झाली होती. ५६ ची बोंब उठली त्या २०२४ च्या नवतप्यातही खरा पारा तिथवर पोचला नाही. जगभरची जमीन १८५०-१९०० च्या तुलनेत २०११-२०२० या दशकात साधारण १.६ अंशांनी तापली होती. भारताचं सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशानं वाढलं. दोन्ही मोजण्यांची सुरुवात वेगळी, तरी भारत जगातल्या इतर जमिनीपेक्षा सावकाश तापला हे नक्की. म्हणजे म्हाताऱ्या माणसांची आठवण खोटी नाही.

सावकाश का, हे मात्र दिलासा देणारं नाही. पहिलं कारण सिंचन, विशेषतः उत्तरेत: ओली जमीन बाष्पीभवनानं हवा थंड ठेवते. दुसरं आणि मोठं कारण धूर. कोळशातून गंधकाचे कण निघतात, चुली, वाहनं आणि शेतातली जाळपोळ यांतून काजळी आणि धूळ येते. यातले बरेच कण ऊन जमिनीवर पोचू देत नाहीत. काजळी मात्र ऊन शोषून हवाच तापवते. गोळाबेरीज थंडाव्याकडे झुकते. म्हणजे कोराडीची एकच चिमणी दोन उलट कामं करते: कार्बन डायऑक्साइडनं तापवते आणि गंधकानं झाकते. फक्त दोघांचं आयुष्य सारखं नाही. गंधकाचे कण काही दिवसांत, फार तर आठवड्या-दोन आठवड्यांत खाली बसतात, पावसात धुऊन जातात. कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शतकानुशतकं वर राहतो. धूर फुफ्फुसांसाठी वाईट आहे, तो आज ना उद्या कमी करावाच लागेल, आणि तसा तो कमी होईल तसं आजवर झाकलेलं तापणं बाहेर येईल.

झाकण असूनही काही खुणा दिसतातच. १९८६ ते २०१५ या तीस वर्षांत देशात वर्षातला सगळ्यांत गरम दिवस साधारण ०.६३ अंशानं आणि सगळ्यांत थंड रात्र ०.४ अंशानं चढली. सर्वोच्च आकडा मोडला की नाही एवढंच पाहिलं, तर हे हाताला लागत नाही; कूलर रात्री किती वाजता बंद करता येतो, यात ते जास्त कळतं. अर्थात त्यात शहराच्या सिमेंटचाही वाटा आहे, आणि नागपूरच्या एखाद्या रात्रीतली उष्णता किती सिमेंटची, किती जगाची, हे नुसत्या अंगाला लागलेल्या घामावरून सांगता येत नाही. तसंच २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून शहरात पाणी शिरलं, ते सगळं हवामानबदलावर ढकलणंही लबाडीचं आहे. तापलेल्या हवेत पाऊस जोरदार पडण्याची शक्यता वाढते हे खरं, पण नाग नदीच्या काठावर काय बांधलं गेलं, हा प्रश्न महापालिकेच्या हद्दीतलाच आहे.

खरी, जिवंत अनिश्चितता आता इथे आहे. धुराचे कण ढगांना किती उजळ करतात आणि किती काळ टिकवतात, त्यामुळे नेमकं किती तापणं झाकलं गेलंय, यावर तज्ज्ञांचे अंदाज एकमेकांपासून लांब आहेत. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यावर अडीच अंश की चार, हे अंतर मिटत नाही, त्यातही ढगांचा वाटा मोठा. विदर्भाच्या कपाशी-सोयाबीनला लागणारा पाऊस पुढे कसा वागेल, यावर मॉडेल एकमत नाहीत. मोसमी पाऊस एकूण वाढेल असं बहुतेक सांगतात, पण एखाद्या जिल्ह्यापुरतं सांगायची वेळ आली की गोंधळ सुरू होतो. ज्याला मनापासून शंका घ्यायची आहे, त्याला इथे भरपूर काम आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी संपादित केलेला केंद्र सरकारचा २०२० चा अहवाल मोफत वाचायला मिळतो. त्यात प्रत्येक विधानापुढे त्याची खात्री किती, जास्त, मध्यम की कमी, हेही लिहिलेलं आहे. शंका घेणाऱ्यानं ‘कमी’ लिहिलेल्या जागांपासून सुरुवात करावी.